बांध ओलांडून कुणी शेतात घुसलं तर: तालुका कोर्टात केस कशी चालते, कशी मिटते



आज खत-औषधाचा मेसेज नाही. पेरणी आणि काढणीच्या वेळी ऑफिसला हमखास येणारा प्रश्न घेतलाय: "शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घालून बांध कोरला, विचारायला गेलो तर दम दिला. केस केली तर पुढं काय होतं?" मेसेज लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. यातल्या दोन मुदती चुकल्या तर नंतर हळहळून उपयोग नसतो.

*१) गुन्हा कशाला म्हणतात?*
दुसऱ्याच्या ताब्यातल्या जमिनीत गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूनं शिरणं, किंवा त्या हेतूनं तिथंच ठाण मांडणं, म्हणजे फौजदारी अतिक्रमण. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ लागतं (पूर्वीचं ४४७). शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरात घुसला असेल तर कैद १ वर्षापर्यंत.
"हेतू" हा शब्द लक्षात ठेवा. वाट चुकून कुणी शेतातून गेला, तर हा गुन्हा होत नाही.
पीक मोडलं असेल तर नुकसानीचं कलम ३२४ वेगळं लागतं आणि त्याची शिक्षा नुकसानीच्या रकमेवर ठरते. म्हणून पंचनाम्यात रकमेचा आकडा आलाच पाहिजे.

*२) पोलीस ठाण्यात*
हा गुन्हा दखलपात्र आहे. "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" असं सांगून परत पाठवलं, तर शांतपणे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एफआयआर झाला की त्याची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं अर्ज पाठवा. तरीही हललं नाही, तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
गुन्हा जामीनपात्र आहे. आरोपी त्याच दिवशी गावात परत दिसला, तर "पोलीस फितूर झाले" असं समजू नका. जामीन मिळणं हा त्याचा हक्कच आहे.

*३) तालुका कोर्टात*
पोलीस दोषारोपपत्र (चार्जशीट) प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल करतात. फक्त ३२९ चा गुन्हा असेल तर त्याला १ वर्षाची मुदत आहे, म्हणून तपास कुठवर आला याची अधूनमधून चौकशी करत राहा. आरोपीला समन्स जातं. कोर्ट त्याला आरोप समजावून सांगतं आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारतं. इथून तीन वाटा फुटतात:

➡️ *कबुली:* बहुतेक वेळा दंडावर निकाल लागतो. पहिलाच गुन्हा असेल तर कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावरही सोडू शकतं.
➡️ *नाकबुली:* साक्षी-पुरावे होतात. सरकारी वकील आपली बाजू मांडतात, त्यासाठी खासगी वकील लावलाच पाहिजे असं नाही. पण साक्षीला आपल्यालाच उभं राहावं लागतं आणि उलटतपासणी होते. त्या दिवशी ताबा कुणाचा होता, हाच मुख्य प्रश्न असतो. सातबारा, पीक पाहणीची नोंद, मोजणीचा नकाशा, फोटो आणि गावातला साक्षीदार इथं कामाला येतात.
➡️ *तडजोड:* कलम ३२९ चा हा गुन्हा आपसात मिटवता येतो. तो हक्क जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा. कोर्टात तडजोडीची पुरसिस दिली की केस संपते. लोक अदालतीतही मिटवता येते.

*४) ⚠️ पुरसिसवर सही करण्याआधी*
तडजोड झाली म्हणजे आरोपी निर्दोष सुटला. त्याच घटनेची केस पुन्हा उभी राहत नाही. "आधी केस मागे घे, बांध नंतर बघू" या बोलण्यावर सही करू नका. आधी मोजणी, मग खुणा, मग भरपाई हातात, आणि शेवटी सही. ठरलेलं सगळं तारखेसह लेखी घ्या.

*५) सगळ्यात महत्त्वाचं: फौजदारी केसनं जमीन परत मिळत नाही*
समजा, शेजाऱ्यानं दोन गुंठे दाबले. आपण केस केली, दीड वर्षानं त्याला दंड झाला. त्यानं दंड भरला आणि दोन गुंठे तसेच पेरले! कारण हे कोर्ट शिक्षा देतं, हद्द आणि मालकी ठरवत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो:

✅ बेकायदा ताबा घेतला, किंवा वहिवाटीचा रस्ता, पाण्याचा पाट अडवला: तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा. *मुदत ६ महिने.*
✅ ताबा हिसकावला: दिवाणी कोर्टातही दावा करता येतो. मालकी सिद्ध न करता फक्त आधीच्या ताब्यावर जमीन परत मागायची असेल तर *मुदत ६ महिनेच.*
✅ हद्दीचा वाद: भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज.

पोलीस केसच्या तारखा मोजत बसलात तर हे ६ महिने कधी निघून जातात कळतही नाही. दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा.

*६) हे करू नका*
❌ हाणामारी. तुम्ही काठी उचलली की समोरचाही केस करतो आणि मग फिर्यादी तुम्ही, आरोपीही तुम्हीच. शेवटी दोघंही नाइलाजानं केस मिटवतात आणि बांध कोरलेलाच राहतो.
❌ रागानं त्याचा बांध कोरणं किंवा पाइप तोडणं.
❌ शेतात शिरलेलं जनावर मारणं किंवा आपल्या गोठ्यात डांबणं. साक्षीदारासमोर ते ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात द्या आणि पावती घ्या.

*७) आज करायचं काम*
सातबारा काढा, पीक पाहणीत आपलं पीक नोंदलंय का बघा, चारही बांधांचे फोटो काढून ठेवा. वाद झाल्यावर काढलेल्या फोटोपेक्षा वादाआधीचा फोटो जास्त बोलतो.

📞 अडचणीच्या वेळी पोलीस: ११२. कायद्याचा मोफत सल्ला: १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे सभासद आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. केसची पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर टाकून घरबसल्या बघता येते.

ही सर्वसाधारण माहिती आहे. आपल्या प्रकरणात कागद दाखवून वकिलाचा सल्ला घ्याच. कागद कसे लावायचे हे समजत नसेल तर बाजाराच्या दिवशी ते घेऊन ऑफिसला या, बसून लावू.

गटातल्या सगळ्यांना पाठवा. विशेषतः ज्यांच्या बांधावर सध्या धुसफूस चालू आहे, त्यांना आजच.