गिटारघडण : छिद्रं कशानं भरायची?

मागच्या आठवड्यात बाइंडिंग, म्हणजे कडेची पट्टी, खरवडून बाजूंशी एकसपाट केलं आणि तिथे थांबलो. आता पॉलिश. पण त्याआधीचं एक काम असं आहे की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि फसलं तर वरचे सगळे हात वाया जातात. ते म्हणजे लाकडाची छिद्रं भरणं.

शिसवीच्या पाठीवर तिरका उजेड पाडून बघा. रेषांच्या दिशेनं बारीक चरे दिसतील. झाड उभं असताना मुळांकडचं पाणी वर नेणाऱ्या या नळ्या. फळी चिरली की त्या लांबीत कापल्या जातात आणि उघड्या पडतात. शिसवीत किंवा महोगनीत त्यांची रुंदी साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. अकूस्टिक गिटारवर चढवलेल्या चांगल्या, पातळ पॉलिशची सगळी जाडीसुद्धा ०.१ मिलिमीटरच्या आसपासच. तेव्हा ‘पॉलिशचे चार हात जास्त मारू, चर आपोआप भरतील’ हा हिशेब इथे चालत नाही. चर भरेपर्यंत थर इतका जाड होईल की पाहणाऱ्याला लाकूड नव्हे, प्लास्टिक दिसेल.

हे सगळं पाठ, बाजू आणि मान यांच्यापुरतं. पुढची पाटी स्प्रूसची, म्हणजे सूचिपर्णी झाडाची. त्यात या नळ्याच नसतात. तिथे फिलर लावायचा नाही, चुकून लागूही द्यायचा नाही. मेपलची छिद्रं इतकी बारीक की पॉलिशच त्यांना पुरतं.

दुकानात गेलात की डबे अनेक, आणि प्रत्येक डब्यावर ‘आटत नाही’ असं लिहिलेलं. निवड करताना मी एकच प्रश्न विचारतो: हा पदार्थ घट्ट होताना त्यातून काय उडून जातं? पाणी उडत असेल, स्पिरिट उडत असेल, थिनर उडत असेल, तर जेवढं उडालं तेवढी जागा रिकामी होणार आणि भरलेला चर पुन्हा खाली बसणार. फरक एवढाच की कुणी तासाभरात बसतो, कुणी दोन महिन्यांनी. दोन महिन्यांनी बसणारा जास्त वाईट, कारण तोवर वर आरशासारखी झिलई चढवून गिटार गिऱ्हाइकाच्या हाती गेलेली असते.

पाण्यातला फिलर सगळ्यात सोपा. वास नाही, हात पाण्यानं धुता येतात, वाळतोही लवकर. पण तो आटतो, आणि पाण्यामुळे लाकडाचे तंतू उभे राहतात. दोन-तीनदा भरून दर वेळी घासायची तयारी असेल तर महोगनीवर छान काम देतो. शिसवीवर मात्र त्याचा रंग मेलेला दिसतो, असं माझं मत.

तेलातला पेस्ट फिलर जुन्या फर्निचरवाल्यांचा. जवसाचं तेल किंवा अल्किड, त्यात सिलिकाची पूड आणि रंग. डब्यात घन पूडच जास्त असल्यामुळे आटणं कमी. रेषांना आडवा चोळायचा, वरची ओल जाऊन तो निस्तेज झाला की गोणपाटाच्या तुकड्यानं आडवाच पुसायचा. उभा पुसलात तर भरलेलं सगळं चरांतून उपसून निघतं. खरी कसोटी त्यानंतरची, वाट पाहण्याची. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याला दिवस लागतात; पावसाळ्यात कोकणपट्टीत जास्तच. घाई करून वर नायट्रोसेल्युलोज लॅकर फवारलं तर त्यातलं थिनर अर्धकच्च्या फिलरला फुगवतं आणि चरांच्या जागी करडी झाक येते. शिवाय फिलरमधला गडद रंग फिकट बाइंडिंगमध्ये आणि स्प्रूसमध्ये झिरपतो. म्हणून त्या जागांवर आधी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पातळ हात हवाच.

रंगाबद्दल इथेच सांगून टाकतो. फिलर लाकडापेक्षा थोडा गडद घ्यावा. गडद चर डोळ्याला लाकडाचाच भाग वाटतो. फिकट फिलर शिसवीवर पांढरे टिंब टाकल्यासारखा दिसतो. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमध्ये महोगनीची छिद्रं प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं भरत आणि त्याचा पांढरेपणा तेलानं मारत. काळ गेला तसं त्यातलं बरंचसं फर्निचर प्रत्येक चरातून पुन्हा पांढरं पडलं.

प्युमिसची गोष्ट वेगळी, आणि मला सर्वांत आवडती. क्लासिकल गिटार करणारे आजही चपड्याचं हातपॉलिश करतात तेव्हा छिद्रं यानंच भरतात. प्युमिस म्हणजे ज्वालामुखीच्या फेसाळ काचेची पूड. लाकडावर चपड्याचा पातळ हात आधी दिलेला असतो. स्पिरिटनं दमट केलेल्या कापडाच्या गुंडीवर चिमूटभर पूड घेऊन ती गोल गोल फिरवायची. काच लाकूड किंचित खरवडते, स्पिरिट चपडा विरघळवतं, आणि लाकडाचीच भुकटी, चपडा व काच असा लगदा चरांत दाबला जातो. चर लाकडाच्याच रंगानं भरतो. रंग जुळवायचा प्रश्नच येत नाही. कोरडी असताना राखाडी दिसणारी पूड चपड्यात नाहीशी होते, कारण काच आणि चपडा प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात. तेल लागलेला कागद आरपार दिसतो त्यामागचं कारणही हेच. पण पूड जास्त झाली आणि चपडा कमी पडला तर ती कोरडीच राहते, आणि काही महिन्यांनी राखाडी होऊन वर डोकावते.

यात शिसवीची एक खोडी आहे. तिचा जांभळट रंग स्पिरिटमध्ये विरघळतो आणि गुंडीबरोबर मेपलच्या पांढऱ्या पट्टीवर जाऊन बसतो. नंतर तो काढणं महाकर्मकठीण. पांढऱ्या पट्ट्यांवर बारीक ब्रशनं आधीच चपडा लावून घ्या आणि गुंडी त्यांच्यापासून लांबच फिरवा.

या चपड्याचा आपल्याशी जुना संबंध आहे. लाखेचा किडा आपल्याच देशातल्या पळस-कुसुमाच्या झाडांवर वाढतो आणि झारखंड-छत्तीसगडची लाख जगभर जाते. शिसवीचंही तसंच: १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाल्यावर भारतीय शिसवी घेतली, आणि बाकीचेही त्याच वाटेनं गेले.

आता इपॉक्सी. परंपरेचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो: पहिलीच गिटार असेल, लाकूड शिसवी असेल आणि वर लॅकर चढवायचं असेल, तर हाच घ्या. दोन भाग मिसळले की त्यांची आपापसात रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतात. उडून जायला जवळपास काही नसतंच. लाकडाला ओलं केल्यावर येते तशी खोली येते, रंग खुलतो. जुन्या एटीएम कार्डानं रेषांना तिरका दाबून भरा, जादा ओढून काढा, पूर्ण घट्ट होऊ द्या, २२० आणि मग ३२० च्या पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा भरा. दोन-तीन फेऱ्या लागतात.

घोळ होतो तो घासताना. कुठे इपॉक्सी संपून उघडं लाकूड लागलं की तिथे डाग पडल्यासारखी फिकट जागा दिसते. इलाज सोपा आहे: शेवटी इपॉक्सी स्पिरिटनं पातळ करून सगळीकडे एकच पुसट हात द्यायचा. काही इपॉक्सींवर दमट हवेत मेणचट थर येतो. तो घासण्याआधी कोमट पाण्यानं पुसा. आणि हातमोजे, मास्क यांत कंजुषी नको. अर्धवट घट्ट इपॉक्सीची धूळ आणि शिसवीची धूळ, दोन्हींची अॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही.

वर चपडाच येणार असेल तर मात्र प्युमिस घ्या, दुरुस्ती करणारा पुढे दुवा देईल. चपडा स्पिरिटनं पुन्हा मऊ होतो, इपॉक्सी होत नाही.

न भरण्याचाही पर्याय आहे. सॅटिन झिलईत उघडी छिद्रं शोभतात. त्यातही मानेची मागची बाजू तशी ठेवली तर बोटांना बरी वाटते. ठरवण्याआधी बाजूंच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडे काढा आणि एकेका तुकड्यावर फिलरपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत सगळं करून बघा. नुसत्या फिलरवरून काही कळत नाही. हे तुकडे जपून ठेवा, पुढच्या आठवड्यात चपड्याचा पहिला हात त्यांच्यावरच घ्यायचा आहे.