नाकातून मेंदूकडे

चुलीवर फोडणी पडली. तुम्ही ओसरीवर बसला होता. तरी फोडणी लसणाची आहे, हे तुम्हाला कळले. कसे कळले? नाकाने मेंदूला सांगितले.

नाकाच्या अगदी वरच्या टोकाला एक पातळ हाड असते. त्याला चाळणीसारखी बारीक भोके असतात. त्या भोकांतून वासाच्या नसा मेंदूकडे जातात. म्हणजे नाकातून मेंदूकडे एक आडवाटच आहे म्हणा ना!

या वाटेने औषध पाठवता येईल का?

आपल्या अंगात काही ग्रंथी असतात. त्या आपला रस रक्तात सोडतात. त्या रसाला हार्मोन म्हणतात. इन्सुलिन हे असेच एक हार्मोन. ते रक्तातली साखर ताब्यात ठेवते. मेंदूलाही त्याचा उपयोग होतो.

पण रक्तातून मेंदूत शिरणे सोपे नाही. गावाच्या वेशीवर जसा रखवालदार, तसा तिथे पहारा असतो. फार थोडे इन्सुलिन आत जाते. बरे, जास्त टोचावे, तर रक्तातली साखर एकदम उतरते. माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून शास्त्रज्ञांनी नाकाची वाट धरली.

२००२ साली जर्मनीत ल्युबेक या गावी धडधाकट माणसांच्या नाकात इन्सुलिन फवारले. मेंदूच्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या भोवती पाणी असते. ते तपासले. दीड तासाच्या आत त्यात इन्सुलिन वाढलेले दिसले.

मग अमेरिकेत विसराळूपणाचा रोग जडलेल्या १०४ माणसांवर चार महिने प्रयोग केला. २०१२ साली त्याची माहिती छापून आली. काहींची आठवण थोडी सुधारली होती. सगळ्यांना आशा वाटली. पुढे २८९ माणसांवर मोठा प्रयोग झाला. तो वर्षभर चालला. २०२० साली त्याचा निकाल लागला. फायदा दिसला नाही.

"मग इतकी मेहनत फुकट गेली का?" असे कोणी विचारील. नाही. खरे काय आणि खोटे काय, हे तपासूनच कळते. पहिल्या पिकावरून जमिनीची पारख करू नये. हा शोध अजून चालू आहे.

"आमची म्हातारी सारखी विसरते. तिच्या नाकात इन्सुलिन घालू का?" नको, बाबांनो! कोणी काही सांगितले, तरी आपल्या मनाने नाकात औषध घालू नका. मधुमेहाच्या रोग्यानेही सुई सोडून फवाऱ्याच्या मागे लागू नये. या फवाऱ्याने रक्तातली साखर फारशी उतरत नाही.

म्हातारीला डॉक्टरांकडे न्या. "वय झालं, चालायचंच," असे म्हणून गप्प बसू नका. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा रस कमी पडला, तरी माणूस विसरू लागतो. रक्त तपासले की ते कळते. त्यावर गोळी आहे. वेळेवर दिली, तर गुण येतो.