काच फुटल्यानंतरचा पहिला अर्धा तास
(गाडी आणि वाट : लेखांक ९)

मागच्या आठवड्यात समोरच्या काचेला गेलेल्या तड्याविषयी लिहिलं होतं. ती काच तडकते, जाळी धरते, पण जागा सोडत नाही. दारातल्या काचेचं तसं नाही. ती फुटते तेव्हा एका क्षणात सगळीच फुटते आणि थेट मांडीवर येते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या रस्त्यांवर असं होण्याची कारणं बारमाही आहेत. गाळपाच्या हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेले ट्रॅक्टर, त्यांच्या बाजूंनी बाहेर आलेली उसाची टिपरं. खडीच्या डंपरच्या दोन चाकांमध्ये अडकून सुटलेला दगड. पावसाळा सरताना रस्त्याकडेचं गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्याखालून उडालेला खडा. आणि किल्ल्याच्या किंवा लेण्यांच्या पायथ्याशी गाडी लावून वर गेलेल्यांच्या मागे, सीटवर दिसणाऱ्या बॅगेसाठी मुद्दाम फोडलेली काच.

कारण कोणतंही असो, त्यानंतर माणूस जवळजवळ ठरलेल्या दोन गोष्टी करतो. हाताने चुरा झटकतो, आणि काच खरंच गेली का हे पाहायला पॉवर विंडोचं बटण दाबतो. या दोन्ही गोष्टी करू नका. आजचा सगळा लेख मी एवढ्यासाठीच लिहितो आहे, कारण काच फुटल्याचं नुकसान त्या क्षणी झालेलं असतं, पण त्यापुढचं बरंचसं नुकसान आपल्या घाईमुळे होतं.

ही काच अशी का फुटते ते आधी समजून घेऊ. दाराची काच तयार करताना ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी थिजतो, आतला गर मागाहून थंड होऊन आकसू पाहतो. त्यामुळे वरचा थर कायम दाबाखाली राहतो आणि पोट कायम ताणलेलं. या ओढाताणीमुळे काच साध्या काचेच्या कित्येक पट दणकट होते. पण वरचा दाबाचा थर भेदून ओरखडा एकदा आतल्या ताणापर्यंत पोहोचला, की साठलेली सगळी ताकद एकाच वेळी मोकळी होते. सतराव्या शतकात युरोपात याच गुणाचा एक खेळ गाजला होता. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो टिकतो, पण शेपटीचं टोक मोडलं की अख्ख्या मण्याची पूड होते. इंग्लंडच्या राजाला हे मणी दाखवणाऱ्या प्रिन्स रूपर्टचं नाव त्यांना चिकटलं. तुमच्या दारातली काच हे त्याच मण्याचं सपाट रूप. तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो, म्हणून तो पसरताना कुणालाच दिसत नाही. फक्त बंदुकीसारखा आवाज येतो आणि खिडकी रिकामी झालेली असते.

लांब पात्यांसारखे तुकडे न होता साबुदाण्यासारखे दाणे व्हावेत यासाठीच ती अशी बनवलेली असते. गळ्याची शीर कापली जाऊ नये, ही त्यामागची योजना. पण दाणे बोथट असतात असा समज करून घेऊ नका. त्यांच्या कडा कापतात, आणि दाण्यांबरोबर जी बारीक पूड होते ती डोळ्याला घातक असते. काही महागड्या गाड्यांत बाजूलाही समोरच्यासारखी दोन थरांची, मध्ये पडदा असलेली काच येते. ती अशी सांडत नाही.

आता रस्त्यावर या. आवाज होताच पाय ब्रेकवर जोरात जातो, आणि मागून येणाऱ्या एसटीला ते अपेक्षित नसतं. स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरा, वेग हळूहळू उतरवा, चारही दिवे लुकलुकते ठेवा आणि डावीकडे जागा सापडेपर्यंत पुढे जात राहा. काच नसलेली गाडी चालते. माळशेज घाटात पावसाळ्यात असं झालं, तर वळणावर किंवा दरडीच्या कड्याखाली मुळीच थांबू नका. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. इथला भिजलेला डोंगर काय करू शकतो, हे या भागातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. घाट संपेपर्यंत पाऊस अंगावर घ्या, पण थांबा मोकळ्यावरच.

संध्याकाळ असेल तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती इतर जिल्ह्यांतल्या वाचकांना कदाचित जास्तीची वाटेल. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि इथल्या उसात बिबट्या राहतो, वाढतो, पिल्लं देतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही, लहान सावजासारखा दिसतो. म्हणूनच उकिडवं बसून काम करताना सावध राहा, असं इथल्या शेतकऱ्यांना वारंवार सांगितलं जातं. अंधारात उसाच्या कडेला गाडी लावून, दार उघडून, खाली वाकून काचा वेचणं म्हणजे नेमकं तेच करणं. लहान मुलांना तर अशा जागी खाली उतरवूच नका. पुढचा पेट्रोल पंप, ढाबा किंवा उजेड असलेला फाटा गाठा. रस्ता आडवाटेचा असेल तरी पुढचं गाव फार लांब नसतं. बिबट्या दिसलाच तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

गाडी थांबली की पहिलं काम डोळ्यांचं. चेहऱ्यावरून हात फिरवू नका, रुमालही नको. डोळे मिटून पुढे वाका आणि केस, भुवया, कपडे झटकले जातील अशी मान हलवा. डोळ्यात खुपत असेल तर चोळू नका. बाटलीतलं पिण्याचं स्वच्छ पाणी नाकाच्या बाजूने कानाच्या बाजूला ओतत राहा आणि पापण्या उघडझाप करा. तुकडा रुतलेला दिसला तर तो ओढायचा नाही आणि डोळ्यावर दाबही द्यायचा नाही. कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टीने अलगद झाका आणि दवाखाना गाठा. नारायणगावात मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे, डोळ्यांसाठी या भागाचा तो मोठा आधार आहे. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. स्वतः गाडी चालवत जाण्यासारखी स्थिती नसेल तर १०८ ला फोन करा. हातापायाच्या जखमेतही काच रुतलेली असेल तर ती तशीच ठेवून कडेने दाबा. नुसतं कापलं असेल तर स्वच्छ कापड घट्ट धरून ठेवा.

मागे मूल बसलं असेल तर त्याला सीटवरून सरकवत बाहेर काढू नका, सरळ वर उचला. सरकवलं की मांडीखालचे दाणे कातडीत जातात. मुलाची वेगळी सीट असेल तर तिच्या पट्ट्यांच्या फटी आणि बकल नंतर नीट तपासा. तिथे अडकलेला दाणा पट्टा पूर्ण बसू देत नाही.

सगळे सुखरूप आहेत हे कळल्यावर एसी आणि पंखा बंद करा, नाहीतर पूड हवेच्या जाळीतून पुन्हा तोंडावर येते. मग मोबाइल काढा. काच पडली आहे तशीच असताना बाहेरून, आतून, जमिनीवर सांडलेला चुरा, नंबर प्लेट दिसेल असा एक आणि मागची जागा ओळखू येईल असा एक फोटो घ्या. दगड गाडीत सापडला तर तो आहे तिथेच असताना त्याचाही.

गाडी उभी असताना काच फोडलेली आढळली तर आणखी आवरा. दाराच्या मुठीला, सीटला, उघड्या कप्प्याला हात लावू नका. तिथे ठसे असू शकतात. ११२ वर कळवा किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, ठाणं कुठलंही लागो, पंचनामा काच सांडलेली असतानाच चांगला होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ऑनलाइन कळवल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तरीही घरी पोहोचून बघू असं म्हणून मुंबईकडे निघून जाऊ नका. पायथ्याच्या हॉटेलवाल्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवा अशी विनंती त्याच दिवशी करायला हवी. पर्स गेली असेल तर बँकेची कार्डं पोलीस येण्याआधीच बंद करा.

विम्याबद्दल एक हिशेब करून पाहा, कारण इथे लोक हटकून चुकतात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपली काच त्यात येत नाही. पूर्ण विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत ही चांगली गोष्ट, पण १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. समजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनस वगळता १०,००० रुपये आहे आणि सलग तीन वर्षं दावा न केल्याने तुम्हाला ३५ टक्के सूट मिळते आहे. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी सूट ४५ टक्के, म्हणजे हप्ता ५,५०० रुपये. केला तर पूर्ण १०,०००. काच बसवायला ३,००० रुपये लागणार असतील तर विम्यातून हाती येतात २,०००, आणि पुढच्या हप्त्यात जातात ४,५००. बोनस वाचवणारी जोडपॉलिसी घेतली असेल तर गणित बदलतं. दावा करायचा ठरलाच तर दुरुस्तीच्या आधी कंपनीला कळवा. नवी काच बसल्यावर पाहणी करायला काही उरत नाही. आणि सीटवरून गेलेला लॅपटॉप गाडीच्या विम्यात सहसा येतच नाही.

हे सगळं झाल्यावर साफसफाई. जाड कापड किंवा चामडी हातमोजे घाला. चौकटीत लोंबणारे तुकडे आतून बाहेर ढकला, खाली जाड पुठ्ठा किंवा पोतं धरा. मोठे दाणे पुठ्ठ्याने ओढा, बारीक पुडीवर ओलं कापड दाबून उचला. घासू नका. घरी गेल्यावर कणकेचा घट्ट गोळा सीटच्या शिवणीत दाबत फिरवा, स्वयंपाकघरात फुटलेल्या ग्लासासाठी आपल्याकडे वापरतात तसा. मग तो गोळा पिशवीत बांधून टाका, गाई-कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. चुरा रस्त्यावरही सोडू नका. त्या कडेने अनवाणी माणसं चालतात.

बटण का दाबायचं नाही ते आता सांगतो. निम्मी काच बाहेर सांडते, निम्मी दाराच्या पोटात पडते. तिथे काच वर-खाली करणारी तार, पट्टी आणि मोटर असते. बटण दाबलं की दाणे त्या खाचेत भरडले जातात आणि नुसत्या काचेच्या कामात मोटरचा खर्च मिसळतो.

उघडी खिडकी झाकायला या दोन तालुक्यांत फार शोधावं लागत नाही. टोमॅटो आणि फुलशेतीचा हा मुलूख आहे. नारायणगाव किंवा मंचरच्या कृषी सेवा केंद्रात पॉलिहाऊसचा जाड कागद मिळतो. दार उघडून तो चौकटीवरून आत वळवा आणि दार लावा, म्हणजे रबरात तो घट्ट चिमटला जाईल. नुसता बाहेरून चिकटवलेला कागद वाऱ्याने दहा मिनिटांत फाटतो. रंगावर खाकी पॅकिंगची पट्टी लावू नका, उन्हात तिचा डिंक रंगासकट निघतो. रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप लावा, तीही पत्रा कोरडा पुसून. काळा-चंदेरी मल्चिंग पेपर शेतात उत्तम, पण खिडकीवर नको. त्यातून दिसत नाही, आणि बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आलाच पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. पॉलिहाऊसचा कागदही धुरकट असतो, तेव्हा तो मागच्या दारालाच लावा. चालकाची किंवा त्याच्या शेजारची काच गेली असेल, तर आरसा दिसेल असा अगदी पारदर्शक कागद मिळाला तरच लावा, नाहीतर खिडकी उघडीच ठेवून, चष्मा घालून, सावकाश चला. एकच खिडकी उघडी असली की कानाला दडे बसवणारा घुमारा येतो. विरुद्ध बाजूच्या दाराची काच दोन बोटं खाली केली की तो थांबतो. लेण्याद्री किंवा भीमाशंकरला अशी गाडी उभी करायचीच वेळ आली तर आत खाऊची पिशवी ठेवू नका. माकडांना प्लॅस्टिकचा अडथळा वाटत नाही.

नवी काच बसवताना तिच्या कोपऱ्यातला शिक्का इतर काचांच्या शिक्क्याशी ताडून पाहा. आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक असायला हवा. कमी खपाच्या मॉडेलची काच इथे न मिळाल्यास भोसरी-चाकणकडून मागवावी लागेल, एक-दोन दिवस जातील, पण बिनखुणेची काच बसवू नका. फिटरला दाराचं आतलं पॅड खोलून पोटातला सगळा चुरा काढायला सांगा, आणि तुम्ही समोर उभे राहा. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. दाणे त्यांच्यावर बसले तर आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या एकाच पावसाळ्यात दार आतून गंजायला लागतं. काम झाल्यावर खिडकीच्या रबरावर तांब्याभर पाणी ओता. ते दाराखालून बाहेर आलं, की पैसे द्या.