दार बंद, हवाही बंद

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यातल्या खडवलीच्या मातोश्री वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना करोना झाल्याचे उघड झाले. त्याच सुमारास, २६ नोव्हेंबरला, जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉन या नव्या व्हेरिएंटचे नामकरण केले होते. साहजिकच पहिला प्रश्न आला तो व्हेरिएंटचा. दाराखिडक्यांचा, मावश्यांच्या ड्यूटीचा प्रश्न मागे पडला. दिव्यांगांच्या निवासी शाळा, बालगृहे आणि आश्रमांबद्दलचे बरेचसे गैरसमज असेच चुकीच्या प्रश्नातून येतात. सोलापूरही त्याला अपवाद नाही.

‘आमची मुलं बाहेर जातच नाहीत, त्यांना कुठून होणार?’ हा त्यातला सगळ्यात घातक. मुले बाहेर जात नाहीत, पण मावशी, आचारी, पहारेकरी रोज ये-जा करतात. भरवणे, अंघोळ घालणे, कपडे बदलणे ही कामे दोन हात लांब राहून होत नाहीत. मानखुर्दच्या बालगृहात २०२० मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२१ मध्ये मुलांना लागण झाली. दक्षिण कोरियातल्या चोंगडो इथल्या रुग्णालयाचा मनोरुग्ण विभाग तर कुलूपबंदच होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या शंभरावर रुग्णांपैकी जवळजवळ सगळे बाधित झाले. कुलपाने माणसे आत राहिली, आणि त्यांच्या श्वासाची हवाही आतच राहिली.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे जास्त लक्षात ठेवावे लागते. झळा नकोत म्हणून दुपारी खिडक्या लावून घेतल्या जातात आणि हॉलच्या मधोमध कूलर सुरू होतो. तो तीच हवा सगळ्यांच्या तोंडावर फिरवत राहतो. हाच कूलर बाहेरून खिडकीला बसवला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली, तर बाहेरची हवा आत येते व कोंदलेली निघून जाते. खर्च जवळपास तेवढाच.

‘नवा व्हेरिएंट म्हणजे नवे उपचार.’ काही महागडी प्रतिपिंड औषधे सोडली तर तसे नाही. ऑक्सिजन खालावला की ऑक्सिजन लागतो, मग विषाणू डेल्टा असो की ओमायक्रॉन. जनुकीय तपासणी साथीचा माग काढण्यासाठी असते. तिच्या अहवालासाठी कुणाचा उपचार थांबवायचा नसतो. आणि खडवलीत बहुतेकांनी लसीचे दोन्ही डोस घेतले होते, म्हणून लस कुचकामी ठरली असेही नाही. तिचे मुख्य काम आजार गंभीर होऊ न देणे हे आहे.

‘दिव्यांगांची प्रतिकारशक्तीच कमी.’ सरसकट असे म्हणणे चूक. अंध किंवा कर्णबधिर व्यक्तीची फुप्फुसे इतरांसारखीच असतात. डाउन सिंड्रोमची गोष्ट वेगळी. ब्रिटनमधल्या २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात या व्यक्तींना करोनाने मृत्यूचा धोका सुमारे दहापट आढळला. इंग्लंडमध्ये त्या वर्षी जानेवारी ते नोव्हेंबर या काळात करोनाने गेलेल्या दर दहांपैकी सुमारे सहा जण दिव्यांग होते. त्यात वय आणि जुने आजार होतेच, शिवाय गरिबी होती आणि एका छताखाली दाटीने राहणेही होते.

‘ताप नाही, म्हणजे ठीक आहे.’ ज्याला बोलता येत नाही, त्याचा आजार ताटात दिसतो. रोज दोन वाट्या आमटी मागणारा मुलगा ताट सरकवतो, उगाच चिडतो, कोपऱ्यात जाऊन बसतो. हे डॉक्टरांच्या आधी त्याच्या नेहमीच्या मावशीला कळते, म्हणून तिने सांगितलेले वहीत उतरायला हवे. ऑक्सिमीटर लावतानाही जपावे. सेरेब्रल पाल्सीत बोट स्थिर राहत नाही, आकडा चुकतो. अशा वेळी पायाचे बोट वापरून पाहावे, आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे.

विलगीकरण म्हणजे एकट्याला खोलीत कोंडणे, असेही समजले जाते. सवयीचा माणूस दिसेनासा झाला की अनेक मुले खाणेपिणे सोडतात, आणि ते आजाराइतकेच महागात पडते. ओळखीची एक मावशी मास्क लावून त्याच खोलीसाठी नेमावी आणि तिला दुसऱ्या खोल्यांची ड्यूटी देऊ नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे आठवे कलम आपत्तीत समान संरक्षण देते. ते अशा खोलीतही लागू आहे.

शेवटचा समज सरकारी यादीचा. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातल्या सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली, तेव्हा त्या यादीत बौद्धिक दिव्यांगत्व होते, सतत आधार लागणारे दिव्यांगही होते. पण यादीत नाव असणे वेगळे आणि दंडात सुई टोचली जाणे वेगळे. जे केंद्रापर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांना घरी जाऊन लस देण्याची मुभा केंद्राने जाहीर केली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. लसीकरण १६ जानेवारीलाच सुरू झाले होते, आणि मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती.