बारीक डाखकामाचीं हत्यारें

सोनार सांधा जोडतांना टांकणखार वापरतो, कल्हईवाला तापल्या भांड्यांत नवसागर टाकतो. धातूवरील मळ गेल्यावांचून धातूला धातु धरीत नाहीं, हें दोघेही जाणतात. आज ज्या कामाविषयीं बोलावयाचें आहे, तें ह्याच कुळांतलें. मात्र फार बारीक.

जुन्या रेडिओसंचांत भागांच्या तारा लांब असत. पुढें त्या बोर्डाच्या छिद्रांतून ओवून मागच्या बाजूस डाखूं लागले. आजच्या मोबाइलमध्यें भाग बोर्डाच्या पृष्ठावरच, तांब्याच्या चिमुकल्या पॅडांवर, बसविलेले असतात. ०६०३ ह्या मापाचा रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर रुंद. ०४०२ चा त्याहूनही लहान, १ मिलिमीटर लांब व अर्धा रुंद. असा रेझिस्टर अल्प मोलांत मिळतो. पण त्याखालचें पॅड उखडलें, तर हजारों रुपयांचा बोर्ड निकामी होण्याची वेळ येते. म्हणून ह्या कामांत जपावयाचें तें पॅडाला, आणि हत्यार निवडतांना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं किती सांधे एकाच वेळीं वितळले पाहिजेत?

दोन टोंकांच्या भागाला तापमान राखणारें सोल्डरिंग आयर्न पुरतें. काम बारीक म्हणून बिटही सुईसारखें हवें, असें नवशिक्यास वाटतें. तें खरें नव्हे. सुईच्या अग्रांतून उष्णता फार थोडी उतरते. मग कारागीर तापमान चढवितो, बिट अधिक वेळ टेंकवितो, आणि तांबें धरून ठेवणारा चिकट थर सुटतो. ह्यापेक्षां छिन्नीसारखें चपटें, पॅडाच्या रुंदीचें बिट चांगलें. त्यावर थोडा ताजा डाख घेऊन दोन्ही टोंकें आळीपाळीनें तापवावीं. दोन्ही वितळलेलीं असतां भाग हलकेंच बाजूस सरतो. तो ओढून मात्र कधींही काढूं नये.

आठ पायांच्या चिपचे सर्व सांधे एका बिटानें एकदम वितळत नाहींत. येथें दोन मार्ग आहेत. एक, बिस्मथ घातलेला, फार कमी उष्णतेस वितळणारा डाख सर्व पायांवर पसरणें. तो बराच वेळ पातळ राहतो व चिप सुटते. मागाहून तो पुसून साफ काढावा, नाहींतर नवा सांधा दुबळा होतो. दुसरा मार्ग गरम हवेच्या यंत्राचा. ज्या चिपचे सांधे पोटाखालीं दडलेले असतात, तिला तर गरम हवेवांचून गति नाहीं. बोर्ड मोठा असल्यास खालूनही ऊब द्यावी लागते. हवेचा झोत मंद ठेवावा, नाहींतर शेजारचे भाग उडून जातात. जवळचें प्लॅस्टिक उष्णता सोसणाऱ्या टेपनें झांकावें.

तापमानाचाही हिशेब आहे. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें ह्यांचा डाख १८३ अंश सेंटिग्रेडला वितळतो. युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून विजेच्या बहुतेक मालांत शिशावर निर्बंध घातले, तेव्हांपासून बिनशिशाचा डाख सर्वत्र पसरला. कथील, तीन टक्के रुपें व अर्धा टक्का तांबें असा त्याचा एक प्रचलित प्रकार २१७ ते २२० अंशांस वितळतो. आयर्न सुमारें ३२० ते ३५० अंशांवर ठेवून एकेक सांधा दोन-तीन सेकंदांत उरकावा. सिरॅमिक कपॅसिटरला बिट थेट लावूं नये. एकाएकीं बसलेल्या उष्णतेनें त्याला आंतून चीर जाते, आणि ती वरून दिसतही नाहीं.

टांकणखार व नवसागर मात्र ह्या बोर्डांपासून दूर ठेवावे. नवसागर मागें राहिला, तर तांबें खातो. येथें राळेपासून केलेला फ्लक्सच योग्य. जुना डाख टिपण्यास तांब्याची विणलेली फीत लागते. तिला दुकानदार विक म्हणतात. ती पॅडावर घासूं नये. वरून बिट टेंकवून डाख तिच्यांत शोषला जाऊं द्यावा, आणि तो गोठण्यापूर्वीं फीत व बिट एकदमच उचलावीं.

पहिल्या कमाईचे पैसे घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाणाऱ्या तरुणाला मी हाच क्रम सांगेन. आधीं तापमान राखणारें आयर्न व चपटें बिट. मग फ्लक्स आणि फीत. नंतर अणकुचीदार चिमटा व भिंग. गरम हवेचें यंत्र सर्वांत शेवटीं. पहिले धडे मेलेल्या बोर्डावर गिरवावे. खिडकी उघडी असावी, धूर नाकांत जाऊं देऊं नये, आणि शिसें हाताळल्यावर हात धुतल्यावांचून घांस घेऊं नये.

गिऱ्हाइकानें विश्वासानें हातीं दिलेली वस्तु पुन्हां चालती होऊन त्याच्या घरीं जावी, ह्यांतच कारागिराची अब्रू आहे. आणि ती अब्रू हत्याराच्या किंमतीवर नव्हे, तर योग्य जागीं योग्य हत्यार उचलण्यावर राहते.