झोंबलेल्या शब्दाचं प्रवचन

ट्रिपहून परतायच्या आत आपलं स्टेटस पडलेलं असतं. मार्टिन ल्युथर किंग यांच्या भारतवारीतला एक अनुभव मात्र सहा वर्षांनंतरही त्यांच्या प्रवचनात जिवंत होता.

किंग म्हणजे बाप्टिस्ट चर्चचे पास्टर. १९५९ मध्ये पत्नी कोरेटा यांच्यासोबत ते महिनाभर भारतात फिरले. दिल्लीत नेहरूंकडे जेवले, मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले. केरळमधल्या दलित मुलांच्या शाळेत मात्र मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, ‘हे अमेरिकेतले, आपल्यासारखेच अस्पृश्य.’

किंगना धक्काच बसला. थोडा रागही आला. मग त्यांना आपला देश आठवला. रात्रभर प्रवास करून अंग कितीही आंबलं, तरी दक्षिणेतल्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना खोली मिळत नव्हती. लाखो बांधव गरिबीत, गलिच्छ वस्त्यांत कोंडलेले होते. शब्द झोंबला होता, पण खोटा नव्हता.

४ जुलै १९६५. रविवार, त्यात अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. अटलांटाच्या एबेनेझर चर्चमध्ये किंगनी हा किस्सा सांगितला आणि ज्या शब्दाचा राग आला होता, तोच स्वतःला लावला : होय, मी अस्पृश्य आहे, आणि या देशातला प्रत्येक कृष्णवर्णीयही.