राजाने लिहिलेलं लेण्यांचं गाइड

'वीकेंडला औंधला चाललेय' म्हटलं की पुण्यातली मित्रमंडळी विचारतात, शॉपिंगला का? नाही बाबांनो, हे सातारा जिल्ह्यातलं औंध. डोंगरावर यमाई, वाटेत श्री भवानी संग्रहालय आणि आत चक्क हेन्री मूरचं शिल्प!

पण मला भेटायचं होतं इथल्या राजाला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. 'बनगरवाडी' वाचली असेल तर खेड्यात येणारा औंधचा राजा आठवेल. सूर्यनमस्कारवाले म्हणूनही ते सगळ्यांना ठाऊक. त्यांनी लेण्यांवर चक्क दोन इंग्रजी गाइडबुकं लिहिली, हे किती जणांना माहीत असतं? वेरूळवरचं १९२९ चं, अजिंठ्यावरचं १९३२ चं. बाकीचे संस्थानिक मारलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेत होते, तेव्हा हा माणूस चित्रकारांना घेऊन अजिंठ्याला गेला आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. स्वतः चित्रकार असल्याने काय हातचं निसटतंय, ते त्याला नेमकं कळत असणार.

कारण अजिंठ्याची चित्रं दगडावर नाहीतच. काळ्या बसाल्टवर माती, भुसा, तंतूंचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. दमट हवा, वटवाघळं, माणसांचे हात... पापुद्रे सुटणारच! वर हौशी उपाय. एकोणिसाव्या शतकात साहेबाने नकला करताना मूळ चित्रांवर व्हार्निश फासलं. १९२० च्या सुमारास निजामाने इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी लाख वापरली. चित्रं टिकली, पण पिवळी पडत गेली.

नकला तरी सुखरूप असतील? रॉबर्ट गिलची वर्षानुवर्षांची मेहनत १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. मग ग्रिफिथ्स आणि जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यातल्या बऱ्याच १८८५ मध्ये, पुन्हा लंडनमध्येच जळाल्या! म्हणजे औंधच्या राजाने काम हाती घेतलं, ते दोन आगींनंतर.

अजिंठ्याला आपण पद्मपाणीसमोर दोन मिनिटं थांबतो आणि पुढच्या लेण्याकडे पळतो. त्याआधी एकदा औंधला जाऊन या. संग्रहालयाला निवांत तीन तास द्या. यमाईच्या पायऱ्या मात्र ऊन चढायच्या आत उरका, माणदेशी ऊन कोणाचे लाड करत नाही.